विसरण्याचा दोष कुणाचा?

जुलै महिन्याच्या चौथ्या रविवारी आपल्या देवळांतून आजी-आजोबांचा दिवस पाळला जातो. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली ही प्रथा सुरू केली. गेल्या वर्षी त्या दिवशी आमच्या धर्मग्रामात मिस्सा झाल्यावर सभागृहात एका डॉक्टरांचे व्याख्यान ठेवले होते. विषय होता, 'स्मृतिभ्रंश कसा टाळावा?' डॉक्टर तरुण होते, तळमळीने बोलत होते. रोज अर्धा तास चाला, मीठ कमी करा, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या, तंबाखू सोडा, पुरेशी झोप घ्या, शब्दकोडी सोडवा, माणसांत मिसळा, असे एक एक सूत्र ते फळ्यावर लिहीत गेले आणि आमच्यासारखे पुष्कळ जण ते वहीत उतरवून घेत गेले. शेवटी कुणाला काही विचारायचे असल्यास विचारावे, असे जाहीर झाले. तिसऱ्या रांगेतून एक बाई उठल्या. त्यांचे यजमान निवृत्त शिक्षक. गेली चार वर्षे ते घरच्या माणसांनाही ओळखत नाहीत, हे गावात सर्वांना ठाऊक आहे.

बाई म्हणाल्या, "डॉक्टर, आमचे हे रोज पहाटे चालायला जात. दारूला कधी शिवले नाहीत. पेपर आला की आधी कोडं सोडवायचे. मग आमचं नेमकं काय चुकलं?"

डॉक्टर क्षणभर थांबले. मग 'अपवाद असतात' अशा अर्थाचे काहीतरी बोलले. तेवढ्यात चहा आला आणि सभा विस्कळीत झाली. परंतु तो प्रश्न आमच्याबरोबर घरी आला आणि अद्याप गेलेला नाही. त्या बाईंनी वैद्यकाचा प्रश्न विचारला असे डॉक्टरांना वाटले. आम्हांला मात्र तो पापनिवेदनाच्या जाळीतून आल्यासारखा वाटला.

'टाळणे' हा शब्द दिसतो तितका निरुपद्रवी नाही. जे टाळता येत नाही त्याबद्दल आपण कुणाला दोष देत नाही. त्याला आपण दुःख म्हणतो आणि दुःखिताच्या शेजारी जाऊन बसतो. परंतु एखादी गोष्ट टाळता येण्यासारखी होती असे एकदा ठरले, की ती जिच्या वाट्याला आली त्या व्यक्तीकडे पाहण्याची आपली नजर नकळत बदलते. ती सांत्वन करणाऱ्याची न राहता तपासनिसाची होते. यांनी काय केले नव्हते, काय खाल्ले होते, घरात काय कमी पडले होते, असे प्रश्न मनात उभे राहतात. जन्मांध माणसाला पाहून हा कुणाच्या पापाचे फळ भोगतो आहे, असे शिष्यांनी प्रभूला विचारले होते. तो प्रश्न आपण सोडून दिला आहे असा आपला समज आहे. वस्तुतः आपण फक्त त्यातला 'पाप' हा शब्द काढून तिथे 'जीवनशैली' हा शब्द ठेवला आहे.

मग चांगल्या सवयी निरर्थक म्हणायच्या का? तसेही नव्हे. या प्रश्नाची कसोटी लावायची तर अनेक माणसे अशी मिळायला हवीत की ज्यांनी वर्षानुवर्षे एकाच प्रकारचे, नेमस्त आणि निर्व्यसनी आयुष्य काढले आहे. आणि मग त्यांच्यापैकी कोण विसरते व कोण विसरत नाही हे धीराने पाहायला हवे. अशी माणसे बाजारात मिळत नाहीत. ती मठात मिळतात. आणि खरोखरच हा शोध एका मठात घेतला गेला.

१८३३ साली बव्हेरियात स्थापन झालेला 'स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम' हा शिक्षिका धर्मभगिनींचा संघ पुढे अमेरिकेत पसरला. या संघाच्या मिनेसोटा राज्यातील मँकेटो येथील मठात १९८६ साली डेव्हिड स्नोडन नावाचे एक तरुण शास्त्रज्ञ जाऊन पोहोचले. रोग समाजात कुणाला होतात आणि कुणाला होत नाहीत, याचा हिशेब मांडणे हा त्यांचा व्यवसाय. वृद्ध धर्मभगिनींचा अभ्यास करण्याची त्यांची इच्छा होती. पुढे हे काम वाढत जाऊन अमेरिकेतील या संघाच्या निरनिराळ्या मठांतील ६७८ भगिनी त्यात सामील झाल्या. सर्वांचा जन्म १९१७ पूर्वीचा. दर वर्षी आपल्या स्मरणशक्तीची व शरीराची तपासणी करू देणे, मठाच्या दप्तरातील आपली जुनी कागदपत्रे खुली करणे आणि मृत्यूनंतर आपला मेंदू अभ्यासासाठी देणे, या तिन्ही गोष्टींना त्यांनी संमती दिली. ज्यांनी विवाह, संतती व संपत्ती यांवर आधीच पाणी सोडले होते, त्यांच्याजवळ द्यायला शेवटी जे उरले होते तेही त्यांनी दिले. आमच्या मते हे दान पुरेशा आदराने अजून कुणी मोजलेले नाही.

शास्त्राच्या दृष्टीने मठाचे मोल वेगळे होते. या भगिनींचे अन्न एका स्वयंपाकघरातले, छप्पर एक, वैद्यकीय उपचार एकसारखे. कुणी धूम्रपान करीत नव्हते, कुणाला बाळंतपणे नव्हती, कुणाच्या डोक्यावर घराचे कर्ज नव्हते. दोन माणसांत फरक पडला की आपण जी नेहमीची कारणे सांगतो, ती येथे बहुतेक गळून पडत होती.

अशा त्या समुदायात एक सिस्टर मेरी होत्या. आठवीपर्यंतच्या शिक्षणावर वयाच्या १९ व्या वर्षी त्यांनी शिकवायला सुरुवात केली. उन्हाळ्याच्या सुट्टीत थोडे थोडे शिकत त्यांनी माध्यमिक शाळेचे प्रमाणपत्र मिळवले, तेव्हा त्यांचे वय ४१ होते. ७७ व्या वर्षापर्यंत त्या पूर्णवेळ वर्गावर उभ्या राहिल्या आणि ८४ व्या वर्षापर्यंत अर्धवेळ. १९९३ साली, वयाच्या १०१ व्या वर्षी त्या वारल्या. अखेरच्या काळातील स्मरणशक्तीच्या चाचण्यांत त्यांचे गुण उत्तम होते. त्यांचा मेंदू तपासणीसाठी आला तेव्हा त्याचे वजन भरले अवघे ८७० ग्रॅम; प्रौढ स्त्रीचा मेंदू साधारणपणे बाराशे ग्रॅमच्या पुढे असतो. आणि त्या लहानशा मेंदूत अल्झायमरच्या रोगाच्या खुणा, म्हणजे पेशींच्या बाहेर साचलेले प्रथिनांचे चट्टे आणि पेशींच्या आतले धाग्यांचे गुंते, विपुल होते. रोग होता, रोगी मात्र नव्हती. उलट मठातील इतर काही भगिनींच्या मेंदूत खुणा थोड्या असूनही त्यांची स्मृती पार विझून गेलेली होती.

हे कसे, याचे एक उत्तर १९९७ साली हाती आले. ज्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा पुरेशा होत्या अशा ६१ भगिनींची तुलना केली असता असे दिसले, की सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबल्यामुळे ज्यांच्या मेंदूचे लहान लहान भाग मृत झाले होते, त्यांच्यात प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशाचे प्रमाण फारच मोठे होते. एका घावाला मेंदू पुरून उरतो. दुसरा घाव त्याच जागी बसला की तो खचतो. दुसरा घाव बहुधा रक्तदाब, मधुमेह, तंबाखू यांच्या वाटेने येतो आणि ती वाट काही प्रमाणात बंद करता येते. दुसरे उत्तर शास्त्रज्ञांनी गंगाजळीच्या कल्पनेतून दिले आहे. शिक्षण, वाचन, जबाबदारीचे काम, संभाषण यांतून मेंदू आयुष्यभर एक शिल्लक साठवत जातो आणि रोगाने देणे मागायला सुरुवात केली, की त्या शिलकेतून काही काळ भागवत राहतो.

मठाच्या दप्तरात आणखी एक ठेवा सापडला. तरुणपणी या भगिनींनी आपापले एकेक छोटे आत्मचरित्र लिहून दिले होते. लिहिताना त्यांचे वय सरासरी २२ होते. ९३ भगिनींचे असे लेखन घेऊन प्रत्येक दहा शब्दांत किती विचार गुंफले आहेत, हे संशोधकांनी मोजले. सुमारे साठ वर्षांनंतर त्या भगिनी कशा आहेत हे त्याच्याशी ताडून पाहिले. तोवर त्यांपैकी ज्या १४ जणी वारल्या होत्या, त्यांच्यात विरळ विचारांचे लेखन करणाऱ्या सर्वांच्या मेंदूत अल्झायमरचा रोग आढळला आणि दाट विचारांचे लेखन करणाऱ्या एकीच्याही मेंदूत आढळला नाही. हा निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाला तेव्हा मोठी खळबळ उडाली. तो प्रथम वाचला तेव्हा आम्हीही आमची विद्यार्थिदशेतील पत्रे काढून वाक्ये मोजू लागलो होतो, हे कबूल केले पाहिजे. समृद्ध भाषा मेंदूचे रक्षण करते, की मुळात बळकट असलेला मेंदूच समृद्ध भाषा लिहितो, की रोगाची सावली विशीतच लेखणीवर पडू लागते, याचा निवाडा या आकड्यांतून होत नाही. १४ ही संख्याही लहानच.

आमच्या दृष्टीने या अभ्यासाचे खरे शिक्षण दुसरीकडे आहे. त्या मठांत सर्वांनी एकाच घंटेला उठून प्रार्थना केली, एकच जेवण घेतले, मुलांना शिकवण्यात जन्म घालवला. आणि तरीही त्यांच्यापैकी अनेक जणी विसरल्या. सिस्टर मेरीच्या शेजारच्या खोलीत, तितक्याच नेमाने जगलेल्या एखाद्या भगिनीला आपले नाव आठवत नव्हते. तिचे काय चुकले होते? मठाच्या भिंतीआडही ज्या प्रश्नाला उत्तर नाही, तो आमच्या गावातल्या एका शिक्षकाच्या पत्नीने स्वतःला विचारून स्वतःला जाळून घ्यावे, याला काहीही आधार नाही. डॉक्टरांनी त्या दिवशी 'अपवाद' म्हणण्याऐवजी एवढे म्हटले असते तर बरे झाले असते.

आणखी एक गोष्ट. यांपैकी कुणीही मेंदू टिकावा म्हणून तसे जगले नव्हते. सिस्टर मथाया नावाच्या एक भगिनी शंभरी ओलांडून गेल्या होत्या. त्या गरिबांसाठी लोकरीचे हातमोजे विणीत आणि आपण शिकवलेल्या चार हजारांहून अधिक विद्यार्थ्यांसाठी रोज रात्री नावानिशी प्रार्थना करीत, असे त्यांच्याविषयी सांगतात. स्मरणशक्तीचा याहून मोठा व्यायाम कोणता असेल? परंतु त्यांनी तो व्यायाम म्हणून केला असता तर पहिल्या शंभर नावांनंतर कंटाळा आला असता. हल्ली औषधाच्या गोळीसारखे कोडे सोडवणारे आणि नाडी मोजत चालणारे लोक आम्ही पाहतो. त्यांची चेष्टा करण्याचा अधिकार आम्हांला नाही, कारण आम्हीही चालतो. तरी मनात येते, की जी बुद्धी केवळ स्वतःच्या जतनासाठी राबते ती अखेर कशासाठी जतन करायची?

आता दुसरी बाजू. दोष नाही याचा अर्थ कर्तव्य नाही असा कुणी काढू नये. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या मंडळाने २०२४ साली जो अहवाल दिला, त्यात स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या आणि बदलता येण्याजोग्या १४ गोष्टी नोंदवल्या आहेत. त्या सर्व दूर करता आल्या, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबणीवर पडेल, असा त्यांचा हिशेब आहे. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १२६० माणसांवर झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आहार, व्यायाम, बुद्धीची तालीम आणि रक्तदाब-साखरेवर देखरेख ही चारही सूत्रे दोन वर्षे एकत्र पाळली गेली, तेव्हा बुद्धीच्या चाचण्यांत माफक का होईना, पण फरक दिसला. माफक हा शब्द महत्त्वाचा आहे. जाहिराती तो गाळतात.

या १४ पैकी काही गोष्टींबद्दल आपल्या समाजाने आरशात पाहायला हवे. रक्तदाबाची गोळी 'आता बरे वाटते' म्हणून मधेच सोडून देणारी माणसे प्रत्येक घरात आहेत. सुकी मासळी, लोणचे आणि पापड एकाच ताटात असल्याशिवाय आम्हांला जेवल्यासारखे वाटत नाही. आपल्या लग्नांत आणि बाप्तिस्म्यांतसुद्धा दारू कशी वाहते यावर या पानांतून पूर्वीही लिहिले गेले आहे; लिहिणारे थकले, वाहणे थांबले नाही. हेल्मेट घरी खुंटीला टांगून दुचाकीवरून भरधाव जाणाऱ्या मुलाच्या डोक्याला आज बसलेला मार पन्नास वर्षांनंतर उसळी घेऊ शकतो, हे त्याला कोण सांगणार?

हे कर्तव्य कुणाप्रती? स्वतःप्रती आहेच, शरीर ही आपल्याकडे सोपवलेली ठेव आहे, असे आपण लहानपणापासून धर्मशिक्षणात शिकलो. परंतु स्मृतिभ्रंशाचे ओझे ज्याची स्मृती जाते त्याच्यापेक्षा त्याच्या घरावर अधिक काळ पडते, आणि आपल्याकडे घर याचा अर्थ बहुधा सून, मुलगी किंवा पत्नी. रात्री तीनदा उठून दाराची कडी तपासणारी तीच, एकाच प्रश्नाला दिवसात चाळीस वेळा उत्तर देणारी तीच. जो मनुष्य आज 'माझं आयुष्य, मी कसाही जगेन' म्हणतो, तो वस्तुतः दुसऱ्याच कुणाचे तरी म्हातारपण खर्चून टाकत असतो. फळाची हमी नसतानाही प्रयत्न करणे आपल्याला बंधनकारक आहे. पेरणाऱ्या शेतकऱ्याजवळही पावसाची हमी नसते.

परंतु त्या यादीकडे नीट पाहिले तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते, आणि आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. यादीतल्या कितीतरी गोष्टी ज्याच्या त्याच्या हातात मुळी नसतातच. यादीची सुरुवात होते बालपणीच्या अपुऱ्या शिक्षणापासून. आठ वर्षांची मुलगी स्वतःला शाळेत कशी घालणार? पुढे बहिरेपण येते, दृष्टी मंदावणे येते, एकाकीपण येते, दूषित हवा येते. एकाकी माणसाला 'माणसांत मिसळा' असे सांगणे सोपे आहे. पण त्याच्यात मिसळायला माणसे तयार हवीत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीच्या पुढील लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून अधिक आहे, खेड्यांचे शहरांहून अधिक. या आकड्यांत आम्हांला एक चेहरा दिसतो.

तो आमच्या मोठ्या आत्याचा. चौथी झाल्यावर तिची शाळा सुटली, कारण धाकटी भावंडे सांभाळायला आणि वाडीत शिंपणे करायला हात हवे होते. त्या धाकट्या भावंडांत आमचे वडील होते. ते मॅट्रिक झाले, नोकरीला लागले, म्हणून पुढे आम्ही शिकलो. वसईच्या किती घरांचा इतिहास असाच आहे! आत्या पहाटेच्या गाडीने भाजीची टोपली घेऊन दादरला जायची. पंचवीस-तीस गिऱ्हाइकांची उधारी तिच्या डोक्यात असे आणि त्यात कधी चार आण्यांची चूक होत नसे. घरात आपली बोली, बाजारात मराठी, गाडीत गुजराती व्यापाऱ्यांशी गुजराती, असा तिचा कारभार चाले. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधील डॉ. सुवर्णा अल्लाडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ६४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एकापेक्षा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेला दिसला, आणि निरक्षर माणसांतही हा फरक आढळला. इतरत्रचे सर्व अभ्यास याला दुजोरा देत नाहीत. तरीही मुलांशी घरात बोली बोलायला लाजणाऱ्या आईबापांनी हे वाचावे, असे आम्हांला वाटते.

सत्तरीनंतर आत्याला ऐकू कमी येऊ लागले. आम्ही यंत्र आणले. ते कानात शिट्टी मारी, जेवताना भांड्यांचा आवाज वाढवी. पंधरा दिवसांनी तिने ते डबीत ठेवले. असे यंत्र दोन-तीनदा नेऊन जुळवून घ्यावे लागते, हे दुकानदाराने सांगितले होते. आम्ही नेले नाही. वेळ नव्हता असे आम्ही तेव्हा म्हणत असू. खरे असे आहे, की ओरडून बोलण्यापेक्षा न बोलणे आम्हांला सोपे वाटू लागले होते. जेवताना विनोद झाला आणि आत्याने 'काय, काय?' म्हटले, की 'काही नाही' असे उत्तर जाई. ते 'काही नाही' तिने किती वेळा ऐकले असेल!

रात्रीची जपमाळ आमच्या घरी वर्षानुवर्षे तीच सांगत आली होती. ऐकू येईना तेव्हा तिचा मेळ चुकू लागला. आमचा प्रतिसाद संपण्यापूर्वीच ती पुढची प्रार्थना सुरू करी. मुले हसत. मग एके दिवशी आम्ही अगदी गोड शब्दांत ते काम तिच्याकडून काढून घेतले. ती काही बोलली नाही, कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसली. पुढे दोन-तीन वर्षांनी ती विसरू लागली.

आमच्यामुळे तिला स्मृतिभ्रंश झाला, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. श्रवणयंत्रामुळे स्मृतीची झीज मंदावते का, याचा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला, त्याचा निकाल २०२३ साली लागला. सर्वांचा एकत्र विचार केला तर फरक दिसला नाही; ज्यांना मुळातच धोका अधिक होता त्यांच्यात मात्र तीन वर्षांत झीज जवळजवळ निम्म्याने मंदावली. आत्या कोणत्या गटात बसली असती कोण जाणे. पण ते यंत्र तिच्या कानात राहिले असते, तर निदान त्या वर्षांत ती आमच्यात राहिली असती. तेवढे ऋण शास्त्राच्या निकालावर अवलंबून नाही. सभागृहातल्या बाईंना जो दोष लागत नाही तो स्वतःच्या माथी घेऊन त्या उभ्या राहिल्या होत्या आणि आम्ही, ज्यांचे काही देणे खरोखर लागत होते, वहीत सूत्रे टिपून घेत होतो.

स्मृती गेल्यावर माणसाचे काय उरते, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. संत ऑगस्टीनने 'कन्फेशन्स'च्या दहाव्या खंडात स्मृतीचा जो शोध घेतला आहे, त्यात आपल्याच अंतरंगाच्या विस्ताराने तो चकित होतो आणि देवालाही तेथेच शोधू पाहतो. तरुणपणी ते विवेचन आम्हांला फार आवडे. आत्याच्या शेवटच्या वर्षांत ते आठवले की भीती वाटे; हे दालनच ढासळले तर? पण विचार करता असे ध्यानात आले, की ज्या बाप्तिस्म्यात आपल्याला आपले नाव मिळाले, तो आपल्यापैकी एकालाही आठवत नाही. आईवडिलांनी आणि धर्ममातापित्यांनी तो आपल्या वतीने लक्षात ठेवला. आयुष्याची पहिली तीन वर्षे आपण जगलो ती इतरांच्या स्मरणात. म्हणून तेव्हा आपण माणूस नव्हतो असे कुणी म्हणत नाही. मग शेवटच्या तीन वर्षांबद्दल तसे म्हणण्याची घाई कशाला?

आत्या आम्हांला ओळखेनाशी झाली होती. आम्हांला ती कधी आपला भाऊ समजे, कधी दादरचे गिऱ्हाईक. तरीही तिच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने 'नमो मरिये' सुरू केले, की उत्तरार्ध ती न अडखळता म्हणे. डॉक्टर सांगतात, की लहानपणापासून लाखो वेळा उच्चारलेले शब्द मेंदू सर्वांत शेवटी सोडतो. ते खरे असेल. आम्हांला एवढेच कळत होते, की पूर्वार्ध म्हणायला कुणीतरी लागत होते. जपमाळेच्या प्रार्थनेची रचनाच तशी आहे. तिचा अर्धा भाग दुसऱ्याने म्हणायचा असतो.

व्याख्यानानंतर महिनाभराने आम्ही त्या बाईंच्या घरी गेलो. मठाची हकिगत, १४ गोष्टींचा अहवाल, तुमचा काही दोष नाही, असे सर्व बोलणे मनात जुळवून नेले होते. गुरुजी ओटीवर आरामखुर्चीत बसले होते. त्यांनी आम्हांला हात जोडून 'या, बसा' म्हटले आणि दोन मिनिटांनी पुन्हा हात जोडून 'या, बसा' म्हटले. बाईंनी आमचे बोलणे शांतपणे ऐकून घेतले. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही आलात ते बरं केलंत. शनिवारी दोन तास ह्यांच्यापाशी कुणी बसेल का? माझा चश्मा दोन वर्षं झाली, बदलायचा राहिलाय."

शनिवारी चार वाजता आमची पाळी असते. चश्मा केव्हाच झाला. बाई आता त्या वेळात बहिणीकडे जाऊन येतात.